जागतिकीकरण: श्रीमंत देश मागे का सरले, गरीब देश पुढे का आले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

1974 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गरीब देशांनी जागतिक व्यापाराची घडीच नव्याने बसवण्याची मागणी केली. तेव्हा खुल्या बाजाराची वकिली श्रीमंत देश करत होते. आज आयात शुल्काच्या भिंती चढवणाऱ्यांत श्रीमंत देश आघाडीवर आहेत आणि ‘ठरलेले नियम पाळा’ अशी विनवणी करणारे बहुतेक देश गरीब किंवा मध्यम उत्पन्नाचे आहेत. ही अदलाबदल कशी झाली, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आर्थिक जागतिकीकरण म्हणजे नेमकं काय धरायचं?

चार गोष्टींची ये-जा: माल, पैसा, तंत्रज्ञान आणि माणसं. या चारही गोष्टी सारख्याच मोकळेपणाने फिरतात असं मात्र नाही आणि बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात.

मालाचं फिरणं कशामुळे वाढलं, हे समजायला एक जहाज आठवावं. 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं जुनं तेलवाहू जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरातून ह्यूस्टनला निघालं. त्याच्या डेकवर ॲल्युमिनियमच्या 58 पेट्या होत्या. तोवर बंदरात पोती, पिंपं, खोकी एकेक करून माणसं उचलत. एक जहाज रिकामं करायला कित्येक दिवस जात, वर मोडतोड आणि चोरी वेगळीच. पेटी कारखान्यात भरायची, सील लावायचं, ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा ट्रकवर ठेवायची, आत काय आहे ते मधल्या कुणी बघायचंही नाही. एवढ्या साध्या कल्पनेने वाहतुकीचा खर्च इतका खाली आला की शर्टाचं कापड एका देशात, शिवण दुसऱ्या देशात आणि विक्री तिसऱ्या देशात, हे परवडू लागलं.

1970 च्या सुमारास जगाच्या एकूण उत्पन्नाच्या तुलनेत आयात-निर्यातीची बेरीज पाव हिश्शाच्या आसपास होती. 2008 पर्यंत ती 60 टक्क्यांवर गेली. त्यानंतर ती फारशी चढलेली नाही, पण फार घसरलेलीही नाही. म्हणून ‘जागतिकीकरण संपलं’ हे वाक्य घाईचं आहे.

लोकांचं मत खरंच बदललं आहे, की फक्त पुढाऱ्यांचं?

दोन्ही, पण सारख्या प्रमाणात नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या जनमत पाहणाऱ्या संस्थेने 2014 मध्ये 44 देशांत पाहणी केली. व्यापार चांगला की वाईट, असं मोघम विचारल्यावर बहुतेक ठिकाणी पाचांतले चार जण ‘चांगला’ म्हणाले. पण व्यापारामुळे नोकऱ्या वाढतात का, असं नेमकं विचारलं तेव्हा अमेरिकेत ‘हो’ म्हणणारे जेमतेम 20 टक्के निघाले, तर गरीब देशांत असं म्हणणारे निम्म्याहून जास्त होते. म्हणजे श्रीमंत देशांतल्या माणसाला व्यापार तत्त्व म्हणून मान्य आहे, स्वतःच्या रोजगाराच्या बाबतीत त्याचा भरवसा उडाला आहे. यानंतर दोनच वर्षांनी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प निवडून आले.

पूर्वी गरीब देश इतके साशंक का होते?

कारण ‘खुला व्यापार’ हे शब्द त्यांनी पहिल्यांदा ऐकले ते राज्यकर्त्यांच्या तोंडून. वसाहतीत कच्चा माल पिकवायचा, तो बोटीने जायचा आणि पक्का माल होऊन दुप्पट-तिप्पट भावाने परत यायचा, हा अनुभव ताजा होता. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी 1950 च्या आसपास त्याला सिद्धांताचं रूप दिलं: कॉफी, तांबं, साखर विकणाऱ्या देशाला तेवढंच यंत्र घ्यायला दरवर्षी जास्त पोती द्यावी लागतात. ते 1964 मध्ये स्थापन झालेल्या अंक्टाडचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचे, पहिले महासचिव झाले. त्याच परिषदेत 77 विकसनशील देशांचा गट उभा राहिला.

मग कर्जाचा फास आला. ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने कर्जफेड जमणार नाही असं सांगितलं आणि पाठोपाठ लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतले अनेक देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभे राहिले. पैसे मिळाले ते अटींवर: अनुदानं कापा, आयात शुल्क उतरवा, सरकारी उद्योग विका. दारं उघडली खरी, पण घरातल्यांनी ठरवून नव्हे. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या जुन्या पिढीच्या मनात जागतिकीकरण म्हणजे हीच अटींची यादी, आणि त्यांना दोष देता येत नाही.

एक छायाचित्र फार बोलकं आहे. 15 जानेवारी 1998, जकार्ता. आशियाई आर्थिक संकटात इंडोनेशियाचं चलन कोसळलेलं. अध्यक्ष सुहार्तो टेबलावर वाकून नाणेनिधीच्या करारावर सही करत आहेत आणि निधीचे प्रमुख मिशेल कॅमदेसू त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभे आहेत. आशियातल्या वर्तमानपत्रांनी ते छायाचित्र पुन्हा पुन्हा छापलं. मे महिन्यात इंधनाचे दर वाढले, दंगली पेटल्या आणि 21 मे रोजी सुहार्तोंनी राजीनामा दिला. त्यांची राजवट हुकूमशाहीच होती, तिच्याबद्दल हळहळ वाटण्याचं कारण नाही. पण सह्या करणारा देश आणि घडी घालून उभा असलेला माणूस हे दृश्य लोक विसरले नाहीत. पुढची अनेक वर्षं आशियाई देशांनी डॉलरचे मोठमोठे साठे केले, ते पुन्हा कधी त्या टेबलावर बसायला लागू नये म्हणूनच.

मग गरीब देशांचं मत पालटलं कशामुळे?

समोर दिसणाऱ्या उदाहरणांमुळे. दक्षिण कोरियाची वर्षाची निर्यात 1964 मध्ये 10 कोटी डॉलरवर पोचली, तेव्हा त्यांनी 30 नोव्हेंबर हा दिवस ‘निर्यात दिन’ म्हणून साजरा करायला सुरुवात केली. तेव्हा तो आशियातल्या गरीब देशांत मोडत होता. एका पिढीत तो जहाजं, मोटारी आणि चिप विकू लागला. चीनने 1978 पासून, व्हिएतनामने 1986 पासून, भारताने 1991 पासून वाट बदलली. 1990 मध्ये जगात तिघांपैकी एकाहून जास्त माणसं अतिदारिद्र्यात होती. 2019 पर्यंत हे प्रमाण दहांत एकाच्याही खाली आलं. यात सर्वात मोठा वाटा चीनचा. सगळं श्रेय व्यापाराला देता येणार नाही, जमीनसुधारणा, शाळा आणि दवाखाने यांचाही त्यात हात आहे. पण बाजार बंद असते तर हे झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

इथे एक गोष्ट नजरेआड होते. कोरियाने किंवा चीनने दार सताड उघडलं नव्हतं. आपला माल बाहेर पाठवायला सगळी मदत, बाहेरचा माल आत घ्यायला मात्र मोजूनमापून परवानगी. परदेशी कंपनीला जागा, पण बदल्यात तंत्रज्ञान. जे देश स्वतःच्या वेगाने उघडले ते सावरले. ज्यांना घाईने उघडायला लावलं, त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न आहे.

घाईने बाजार उघडून फसलेल्या देशाचं उदाहरण आहे का?

हैती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरिबियन समुद्रातला हा देश आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता, मुख्यतः आर्टिबोनिट नदीच्या खोऱ्यात. 1995 मध्ये, कर्ज आणि मदतीच्या अटींखाली, तांदळावरचं आयात शुल्क 3 टक्क्यांवर आलं. अमेरिकेतला तांदूळ सरकारी अनुदानावर पिकलेला, त्यामुळे बोटभाडं धरूनही हैतीच्या भातापेक्षा स्वस्त. काही वर्षं शहरातल्या गरिबाला स्वस्त भात मिळाला. खोऱ्यातला शेतकरी मात्र शेतीतून उठला आणि कित्येकांनी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सची वाट धरली. 2008 मध्ये जगभर तांदूळ महागला, तेव्हा हैतीकडे ना स्वतःचं पीक होतं, ना आयातीला पैसा. एप्रिलमध्ये दंगली झाल्या आणि पंतप्रधानांना पद सोडावं लागलं. दोन वर्षांनी, मार्च 2010 मध्ये, 1995 साली अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की हे धोरण चूक होती. आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांचं त्यात भलं झालं असेल, हैतीचं झालं नाही. आर्कान्सा हे त्यांचं स्वतःचं राज्य.

कबुली मोलाची आहेच. पण भातशेती एकदा मोडली की अवजारं, पाट, बियाणं आणि ती कसणारी तरुण पोरं, यातलं काहीच कबुलीने परत येत नाही.

श्रीमंत देशांतला राग केव्हापासूनचा?

लोकांना वाटतं 2016 पासूनचा. मुळं बरीच जुनी आहेत. 1992 च्या अमेरिकी निवडणुकीत रॉस पेरो नावाचे उद्योजक अपक्ष उभे राहिले. मेक्सिकोबरोबर करार झाला तर नोकऱ्या दक्षिणेकडे खेचल्या जातील, हा त्यांच्या प्रचारातला गाजलेला मुद्दा होता. त्यांना जवळपास 19 टक्के मतं पडली. नोव्हेंबर 1999 मध्ये सिअ‍ॅटलला जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली, ती कामगार संघटना आणि पर्यावरणवाद्यांनी रस्त्यावर उतरून जवळपास बंद पाडली. त्या वेळी विरोधाचा आवाज प्रामुख्याने डाव्यांचा होता. 2008 च्या बँकसंकटानंतर तीच नाराजी उजव्या पक्षांच्या झेंड्याखाली गेली, सोबत स्थलांतरितांवरचा रोष घेऊन. कारखाना बंद पडलेल्या गावाला त्याचं म्हणणं मांडणारा कुणीतरी हवा होता; जो आला त्याच्यामागे ते गेलं.

मेक्सिकोची गोष्टही याच दोरीत ओवलेली आहे. नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार, 1 जानेवारी 1994 रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापास राज्यात झापाटिस्टा नावाच्या आदिवासी शेतकरी बंडखोरांनी बंड पुकारलं, कारण अमेरिकेचा अनुदानित मका आपल्याला बुडवणार ही त्यांची भीती होती. 23 वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष तो करार मोडण्याची धमकी देत होते आणि तो वाचवायला धडपडत होतं मेक्सिको सरकार. मक्याचं दुःख मिटलं होतं म्हणून नव्हे. दरम्यान सीमेलगतचे मोटारींचे कारखाने लाखो घरांत चूल पेटवत होते.

माल स्वस्त मिळाला ना? मग तक्रार कसली?

हा प्रश्न श्रीमंत देशांतल्या अर्थतज्ज्ञांनीही वर्षानुवर्षं विचारला आणि उत्तर ऐकायला उशीर केला.

फायदा सगळ्यांत वाटला जातो: प्रत्येकाला टीव्ही, कपडे, खेळणी थोडी स्वस्त. तोटा मात्र एका ठिकाणी कोसळतो. डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्यानंतर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यांतली फर्निचर आणि कापडाची गावं एकामागून एक बसली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तर 1999 ते 2011 या काळात चिनी आयातीमुळे गेलेल्या नोकऱ्या 20 लाखांच्या वर निघाल्या. पाठ्यपुस्तक सांगत होतं की कामगार दुसरीकडे जाईल, दुसरं काम शिकेल. तो गेला नाही. कारण घर तिथेच, त्याची किंमत पडलेली, म्हातारे आईवडील शेजारच्या गल्लीत. आधी कारखाना जातो, मग त्याच्यावर जगणारं हॉटेल, मग दुकान, मग करच येत नाही म्हणून शाळेचा निधी. दोन हजार किलोमीटरवरच्या शहरात टीव्ही स्वस्त झाल्याने या गावाचं काय भरून निघणार?

भरपाईची कल्पना होती. अमेरिकेत 1962 पासून आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी मदत योजना होती, पण ती कायम तोकडी राहिली आणि 2022 मध्ये तिची मुदत संपली ती वाढवलीच नाही. डेन्मार्कमध्ये मालकाला कामगार कमी करणं सोपं आहे, पण काम गेलेल्याला भक्कम भत्ता मिळतो आणि नव्या कामाचं शिक्षणही. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी 1990 च्या दशकातच दाखवलं होतं की जे देश व्यापाराला जास्त खुले असतात, तिथे सरकारी खर्चही जास्त असतो. वारा आत घ्यायचा तर भिंती भक्कम लागतात. अमेरिका आणि ब्रिटनने खिडक्या उघडल्या आणि भिंतींचा खर्च वाचवला.

नोकऱ्या आयातीने गेल्या की यंत्रांनी?

दोन्हींनी, आणि एकूण हिशेबात यंत्रांचा वाटा मोठा मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. पण यंत्रमानवाला मतपेटीत हरवता येत नाही. परदेशाला दोष देता येतो, त्यावर कर लावता येतो.

‘हत्तीचा आलेख’ काय आहे?

ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने जगातल्या सगळ्यांना गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका ओळीत उभं केलं आणि 1988 ते 2008 या काळात कुणाचं उत्पन्न किती वाढलं ते काढलं. रेघ हत्तीसारखी दिसली. पाठीचा उंचवटा आशियातल्या नव्या मध्यमवर्गाचा, वर उचललेल्या सोंडेचं टोक जगातल्या अतिश्रीमंतांचं, आणि मधला खोलगट भाग श्रीमंत देशांतल्या खालच्या मध्यमवर्गाचा. नंतर इतरांनी दाखवून दिलं की त्या खड्ड्याचा काही भाग जपानची मंदी आणि सोव्हिएत गटाची पडझड यांच्यामुळे आहे. तो आक्षेप रास्त आहे. तरीही आलेख एवढा गाजला, कारण अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या आणि चीनमधल्या शेन्झेनच्या कामगाराला त्याने एकाच कागदावर आणलं.

श्रीमंत देश आधीपासून खुले होते का?

नाही. ब्रिटनने धान्याच्या आयातीवरचे कायदे 1846 मध्ये हटवले, ते कारखानदारीत सगळ्यांच्या पुढे गेल्यावर. अमेरिका एकोणिसाव्या शतकात उंच शुल्काच्या आड वाढली. फ्रिडरिश लिस्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने 1841 मध्येच लिहिलं होतं की वर पोचलेला माणूस शिडी लाथाडतो, म्हणजे मागून कुणी चढू नये.

शेतीत तर आजही तीच तऱ्हा आहे. 2003 मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली: श्रीमंत देशांनी कापसाची अनुदानं थांबवावीत आणि ती थांबेपर्यंत आम्हाला भरपाई द्यावी. दान नको, असं त्यांचं म्हणणं होतं. फक्त तुमचेच नियम तुम्हीही पाळा, एवढंच. त्या वर्षीची कॅन्कूनची परिषद मोडली आणि कापसाचा निकाल आजतागायत पुरता लागलेला नाही.

माल आणि पैसा फिरतो, मग माणसं का नाही?

गरीब देशातला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याचा स्वर वेगळा असतो. त्याच्या घरी जागतिकीकरण कारखान्याच्या रूपाने आलंच असेल असं नाही. बऱ्याचदा ते दर महिन्याला परदेशातून येणाऱ्या पैशांच्या रूपाने येतं. 2023 मध्ये परदेशी राबणाऱ्यांनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे 650 अब्ज डॉलर घरी पाठवले. परदेशी गुंतवणूक आणि सरकारी मदत, दोन्हींपेक्षा ही रक्कम मोठी. श्रीमंत देशांत मात्र सगळ्यात जास्त संताप याच ये-जावर आहे, तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं कमी पडत असतानाही.

कोविडच्या महासाथीने काय बदललं?

विश्वास. श्रीमंत देशांना कळलं की मास्क, औषधांचा कच्चा माल आणि चिप ऐन वेळी मिळतीलच असं नाही. 2022 मध्ये अमेरिकेने चिपचे कारखाने घरी उभारायला अब्जावधी डॉलरच्या अनुदानाचा कायदा केला. गरीब देशांना हेच कोरियासारखं करू नका, अनुदानं देऊ नका, असं वर्षानुवर्षं बजावलं गेलं होतं.

गरीब देशांना कळलं ते जास्त बोचरं होतं. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर 2020 मध्ये लशींवरचे पेटंट हक्क तात्पुरते स्थगित करण्याचा प्रस्ताव ठेवला. तडजोड झाली जून 2022 मध्ये, तीही खूप आखडती. तोवर कोट्यवधी माणसं लशीची वाट बघून झाली होती, काही कायमची.

मग आता सगळे गरीब देश खुल्या व्यापाराच्या बाजूचे झाले का?

तसं नाही. इंडोनेशियाने 2020 पासून निकेलचं कच्चं खनिज बाहेर पाठवणं बंद केलं; कारखाना इथे काढा, मग धातू न्या, असं धोरण. भारत 2019 मध्ये आरसेप या आशियातल्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. आफ्रिकी देशांनी आपापसात खंडभर मुक्त व्यापार क्षेत्र उभारलं, त्याखालचा व्यापार 2021 पासून सुरू झाला. या तिन्हींत मला एकच धागा दिसतो: व्यापार हवा, पण वेग आणि अटी ठरवताना आम्हीही टेबलावर हवे. 1974 च्या मागणीशी हे ताडून बघा. गरीब देश आपल्याला वाटतात तितके बदललेले नाहीत. मोठी कोलांटउडी श्रीमंत देशांनी मारली आहे.

नव्या शुल्कांचा सर्वात मोठा फटका कुणाला?

ज्यांच्याकडे उत्तर द्यायला काही नाही त्यांना. 2 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेने जवळपास सगळ्या जगावर शुल्कं जाहीर केली, त्यात सर्वात चढा दर लागला लेसोथोला, 50 टक्के. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला हा डोंगराळ देश अमेरिकेसाठी जीन्स शिवतो. आफ्रिकी देशांच्या मालाला शुल्कात सवलत देणाऱ्या 2000 च्या अमेरिकी कायद्यानेच तिथे ही शिवणकामाची कारखानदारी वाढली आणि त्यातल्या बहुतेक कामगार बायका आहेत. दर नंतर 15 टक्क्यांवर आला, पण तोवर ऑर्डरी थांबल्या होत्या. चीनकडे दुर्मिळ खनिजं आहेत, युरोपकडे बाजारपेठ आहे. लेसोथोने काय रोखून धरायचं?

युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर, म्हणजे आयात माल बनवताना किती कार्बन हवेत गेला त्यावरचा आकार, हा वेगळा प्रकार. त्यामागचा हवामानाचा हेतू मला पटतो. पण मोझांबिकचं ॲल्युमिनियम आणि जर्मनीचं पोलाद एकाच फूटपट्टीने मोजताना, आधीचा धूर कुणी सोडला हेही मोजायला हवं.

लहान देशाला तक्रार करायला जागा आहे का?

होती. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकला आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलरवर तडजोड झाली. अँटिग्वा आणि बार्बुडा या जेमतेम लाखभर वस्तीच्या बेटांनीही ऑनलाइन जुगाराच्या वादात अमेरिकेविरुद्ध निकाल मिळवला. पण ब्राझीलसारखं वजन नसल्याने भरपाईसाठी वर्षानुवर्षं ताटकळत राहावं लागलं. तरी निकाल तरी लागत होता.

डिसेंबर 2019 पासून संघटनेचं अपील मंडळ बंद आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिका होऊ देत नाही. आता हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण तिथेच लटकतं. निकेलच्या खटल्यात 2022 मध्ये हरल्यावर इंडोनेशियानेही तेच केलं. रिकाम्या जागा भरा, असा प्रस्ताव मात्र 130 सदस्य देशांच्या वतीने बैठकीमागून बैठकीत मांडला जातो. तो वाचून दाखवण्याचं काम आधी मेक्सिकोकडे, मग ग्वाटेमालाकडे होतं, नंतर ते कोलंबियाकडे आलं. दर वेळी अमेरिकेचा प्रतिनिधी नकार नोंदवतो आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो प्रस्ताव पुन्हा येतो.